अजिंठा ते सिगिरिया: शाळेची इतिहास-सहल परदेशी न्यायची तर

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शिरलं की उजव्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र आहे. सिंहल नावाचा व्यापारी, त्याचं फुटलेलं जहाज, राक्षसिणींचं बेट, मग तोच सिंहल राजा होऊन हत्ती-घोड्यांसह त्या बेटावर चालून जातो, आणि बेटाला त्याचं नाव पडतं. बेट म्हणजे आजची श्रीलंका. लेण्यातला लेख वाकाटक सम्राट हरिषेणाच्या एका मांडलिकाचा. त्याचं राज्य ऋषिक, म्हणजे आपल्या खानदेशाच्या आसपास होतं, असं बरेच अभ्यासक मानतात.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकवते. आमची शाळा दर दोन वर्षांनी अजिंठ्याला जायची. पोरं माकडं बघायची, आइस्क्रीम खायची, परत यायची. एका वर्षी आठवीतल्या एकाने त्या भिंतीपुढे विचारलं, "मॅडम, तिकडच्या लोकांनीपण अशी चित्रं काढली असतील का?" काढली होती, श्रीलंकेतल्या सिगिरियाच्या कातळावर, आणि जवळपास त्याच काळात. तिथून आमची श्रीलंकेची सहल सुरू झाली. पहिल्या खेपेला ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

पहिली पायरी: देश निवडण्याआधी धागा निवडा

परदेशी सहल म्हटलं की दुबई, सिंगापूर अशी नावं पुढे येतात. तिथे जायला माझी हरकत नाही, पण ती इतिहासाची सहल नाही. आपल्या पायाखालच्या मातीतून निघणारा धागा जिथे पोहोचतो तो देश निवडा. आमचा धागा अजिंठा होता. श्रीलंकेच्या महावंस या ग्रंथात तिथला पहिला राजा मानल्या जाणाऱ्या विजयाची गलबतं लंकेला पोहोचण्याआधी सुप्पारकला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला थांबल्याचं सांगितलंय. मुलांना हे सांगितलं तेव्हा नकाशा त्यांनीच उघडला.

व्यवहाराचं बोलायचं तर मुंबईहून कोलंबो थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास. घड्याळ आपलंच, मिनिटाचाही फरक नाही. भात-वरण मिळतं. पहिल्यांदाच गाव सोडणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांसाठी याची किंमत मोठी आहे.

घरोघरी रावण निघणार, हे गृहीत धरा. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजीने सरळच विचारलं, "लंकामा? तठे ते रावण ऱ्हास ना!" (लंकेत? तिथे तर रावण राहतो ना!) हसून सोडू नका. रामायणातली लंका आणि उत्खननात सापडलेली लंका यांचे पुरावे वेगवेगळ्या जातीचे असतात, हे वर्गात एक तास घेऊन सांगा. सहलीतला सगळ्यात चांगला धडा कदाचित हाच असेल.

दुसरी पायरी: परवानग्या आणि तारखा

संस्थेचा ठराव, पालक-शिक्षक संघाची सभा, शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज, या क्रमाने जा. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनी स्वतःच्या परदेश प्रवासाची खात्याची परवानगीही वेळेत मागावी. मुलांची कागदपत्रं तयार आणि शिक्षकाचीच फाईल टेबलावर अडकलेली, असं होतं. मुली असतील तर शिक्षिका हव्यातच. दहा मुलांमागे एक शिक्षक हे माझं प्रमाण. त्यापेक्षा कमी असतील तर मी जाणार नाही.

तारखांचं गणित असं. दहावीला नेऊ नका, आठवी-नववी योग्य. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे पावसाचा जोर असतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळं वेगळी. आम्ही वार्षिक परीक्षेनंतर, एप्रिलच्या शेवटी गेलो. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं, त्या आठवड्यात सगळा देश आपापल्या गावी जातो, तो टाळा. उन्हाची भीती पालकांनी घातली. भुसावळचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा काढणाऱ्यांना तिथले चौतीस अंश म्हणजे काय, असं आम्हालाही वाटलं होतं. पण आपलं ऊन कोरडं. तिथे घाम वाळतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी पोरं गळाठली. पुन्हा न्यायची झाली तर मी फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरेन, बोर्डाच्या परीक्षांची धावपळ सुरू होण्याआधी. फक्त ४ फेब्रुवारी हा त्यांचा स्वातंत्र्यदिन आहे, हे लक्षात ठेवा.

आणखी एक: दर पौर्णिमेला तिथे 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते. मंदिरं उघडी असतात, गर्दीही तितकीच. पंचांग बघूनच तिकिटं काढा.

तिसरी पायरी: पासपोर्ट, आणि इथेच सगळ्यांचा घाम निघतो

सहलीच्या किमान आठ महिने आधी हे काम सुरू करा. आता मुंबई-नाशिक गाठायला नको, जळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं. ऑनलाइन अर्ज, शुल्क, वेळ घेणं, मग प्रत्यक्ष हजेरी. अठराखालच्या मुलाचा साधा पासपोर्ट १००० रुपयांत होतो आणि पाच वर्षं किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतो. प्रवासाच्या तारखेला त्यात सहा महिन्यांहून जास्त मुदत शिल्लक हवी.

अडचण शुल्काची नसते, नावाची असते. शाळेच्या जनरल रजिस्टरला 'भाऊसाहेब', आधारवर 'भाऊराव', जन्मदाखल्यावर नुसतं 'बापू'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये चौधरी चार प्रकारे, महाजन दोन प्रकारे. आमच्या गटातल्या तीन मुलांचे अर्ज एवढ्यावरून परत आले. म्हणून पहिल्याच पालकसभेत प्रत्येकाकडून तीन कागद मागवा: जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला. समोरासमोर ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त, मगच अर्ज. आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. आणि पासपोर्टवर जे स्पेलिंग आलं तेच विमानाच्या तिकिटावर, तेच विम्यावर.

दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. आपल्याकडे बाप कामासाठी सुरतेला, आई गावी, असं घर गल्लीत एक तरी असतंच. अशा बापाला सणाला गावी येणार तेव्हाच सही करायची आहे, हे आधी कळवा. एकाच पालकाच्या सहीवर अर्ज करायचा असेल तर त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र असतं, तेही चालतं.

श्रीलंकेत शिरायला ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो, त्याला ईटीए म्हणतात. शुल्काचे नियम बदलत राहतात, त्यामुळे त्या वेळी श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळावरच बघा. सारख्या नावाच्या खासगी साइट जास्तीचे पैसे घेतात. याशिवाय प्रत्येक मुलासाठी पालकांचं नोटरी केलेलं इंग्रजी संमतीपत्र, मुलाच्या आणि शिक्षकाच्या पासपोर्ट क्रमांकांसह, दोन प्रतींत ठेवा. आमच्याकडे विमानतळावर कोणी मागितलं नाही. तरी पुढच्या वेळीही नेईन.

चौथी पायरी: पैसे कापसाच्या हिशेबाने

शहरातली शाळा दर महिन्याला हप्ता घेते. आपल्याकडे पालकाच्या हातात पैसा येतो दिवाळीनंतर, कापूस विकला की, नाहीतर केळीची काढणी झाली की. जून-जुलैत बी-बियाणं आणि खतं यातच सगळं जातं, तेव्हा हप्ता मागितला तर मूल यादीतून गळतं. आम्ही जूनमध्ये फक्त पासपोर्टपुरते पैसे भरायला सांगितले आणि मोठे दोन हप्ते नोव्हेंबर अन् जानेवारीत ठेवले. ज्यांना परवडत नव्हतं अशा काहींसाठी माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरले. ऐपत असलेल्यांचीच सहल झाली, तर ती शाळेची सहल नव्हे, असं माझं मत आहे.

प्रवास कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस नावाची कराची रक्कम वर कापली जाते. ती पालकाच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरून परत मिळवता येते. शेतकरी पालक सहसा विवरणपत्र भरत नाहीत, त्यामुळे हे त्यांना आधीच समजावून सांगा.

कोटेशन घेताना 'सगळं इन्क्लूड' या शब्दांवर विसंबू नका. आमच्या पहिल्या एजंटाने सगळं म्हणता म्हणता स्थळांची प्रवेश-तिकिटं त्यात धरलीच नव्हती, आणि हे आम्हाला अनुराधापूरच्या, म्हणजे तिथल्या जुन्या राजधानीच्या, तिकीट-खिडकीशी कळलं. तिथली मोठी तिकिटं परदेशी पर्यटकांसाठी महाग असतात. सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर मिळतो, पण मूळ पासपोर्ट दाखवला तरच. तिकिटं, गाईड, बस, चालकाची राहणी, तिन्ही जेवणं, विमा, रद्द झाल्यास काय परत मिळणार, हे सगळं लेखी घ्या आणि पैसे संस्थेच्या खात्यातूनच द्या.

पाचवी पायरी: आधी घरचं बघा

माझं सगळ्यात आग्रहाचं म्हणणं हेच. परदेशी जाण्याआधी गटाला दोन वेळा अजिंठ्याला न्या (सोमवारी बंद असतं). पहिल्या वेळी सगळी लेणी फिरवा, दुसऱ्या वेळी फक्त चार. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावर कोरलेलं स्वतःचं नाव आहे, २८ एप्रिल १८१९ या तारखेसह. ते दाखवा. सतराव्यात निदान पाऊण तास बसवा, कॅमेऱ्याविना, वहीत एक तरी हात किंवा चेहरा काढायला लावा. तीच वही सिगिरियाला जाते.

वेळ असेल तर धुळे भागात पांझरेकाठची फड पद्धतही दाखवा. नदीवर छोटा बंधारा, तिथून पाट, आणि पाणी कोणाला कधी हे गावाने मिळून ठरवायचं. श्रीलंकेचा इतिहास निम्मा पाण्याचाच आहे. बंधारा आणि पाट डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला तिथले तलाव लगेच उमगतात.

सहावी पायरी: मार्ग आखा, आणि छोटा आखा

सहा रात्री पुरतात. आमचा मार्ग असा: भुसावळ-जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई, विमानाने कोलंबोजवळचं कटुनायके विमानतळ, तिथून थेट अनुराधापूर, चारेक तासांचा रस्ता. कोलंबो शहर आम्ही गाळलं आणि पश्चात्ताप झाला नाही.

अनुराधापूरला दोन रात्री. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी आणून लावली असं मानतात, तो महाबोधी वृक्ष इथे आहे. जेतवनाराम स्तूप एके काळी १२२ मीटरच्या आसपास उंच होता, सगळा विटांचा. इथे मुलांना एक काम द्या: पायऱ्यांच्या तळाशी अर्धगोल चंद्रशिला असते, तिच्यावरचे प्राणी मोजा. हत्ती, घोडा, सिंह, बैल. मग पोलोन्नरुवाला, म्हणजे अनुराधापूरनंतरच्या राजधानीला, गेल्यावर वटदागे मंदिरापाशी पुन्हा मोजायला लावा. बैल नाही! चोळांच्या काळापासून हिंदू प्रभाव वाढला, बैल पायदळी तुडवणं लोकांना रुचेना, असं अभ्यासक सांगतात. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या आमच्या पोरांना हे सांगावं लागलं नाही. एकीने स्वतःच ओळखलं.

वाटेत कालवेवा हा तलाव लागतो. धातुसेन राजाने बांधला. मुलगा काश्यप याने बापाला कैद करून खजिना मागितला, तेव्हा धातुसेनाने या तलावाकडे बोट दाखवून 'हीच माझी सगळी संपत्ती' असं सांगितलं, अशी कथा आहे. काश्यपाने त्याला मारलं. या तलावातून अनुराधापूरकडे जाणारा जुना कालवा सुमारे ८७ किलोमीटरचा, आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर. विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत नेलं असेल तर त्यांना इथे बोलू द्या.

बापाला मारणाऱ्या याच काश्यपाने इ.स. ४७७ ते ४९५ या काळात राज्य केलं आणि सुमारे २०० मीटर उंच कातळावर राजवाडा बांधला, तो सिगिरिया. सिंहगिरी. आपला सिंहगड ऐकलेल्या पोरांना नाव पाठ करावं लागत नाही. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सकाळी दार उघडताच चढा, नऊनंतर कातळ तापतो. गांधीलमाश्यांच्या पाट्या लावलेल्या आहेत, त्या थट्टेवारी नेऊ नका. तिथे आरडाओरडा केला तर त्या खरोखर उठतात. अर्ध्या वाटेवर चित्रं. फोटो काढायला बंदी आहे, आणि बरंच आहे. मुलांनी वह्या उघडल्या, अजिंठ्यात काढलेला हात समोरच्या हाताशी ताडून पाहिला, आणि पाच मिनिटं कोणी बोललं नाही. शिक्षकाला अशी पाच मिनिटं नोकरीत फार वेळा मिळत नाहीत.

चित्रांच्या पुढे आरशासारखी गुळगुळीत भिंत आहे. आठव्या ते दहाव्या शतकातल्या प्रवाशांनी तिच्यावर चित्रातल्या स्त्रियांविषयी कविता कोरल्या. श्रीलंकेचे पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून प्रसिद्ध केल्या. मग जॉन स्मिथची आठवण काढा आणि वर्गाला वाद घालू द्या: हजार वर्षांपूर्वी कोरलं तर इतिहास, आज कोरलं तर गुन्हा, असं का? गुन्हा हा शब्द खराच आहे. २०१५ साली या भिंतीवर नाव कोरणाऱ्या एका तरुणीला दोन वर्षांची शिक्षा झाली, पुढे राष्ट्राध्यक्षांनी तिला माफी दिली. पोरांच्या खिशातली कंपासपेटी खाली बसमध्येच ठेवायला लावा.

पोलोन्नरुवा सिगिरियाहून दिवसभरात होतं. गल विहाराच्या कातळातल्या मूर्ती आणि पराक्रमबाहू राजाचा तलाव एवढं पुरे. दंबुलाची लेणी परतीच्या वाटेवर, शेवटी कँडी. इंग्रजांनी कँडीचं राज्य १८१५ मध्ये घेतलं, पेशवाईबरोबर खानदेश गेला तो १८१८ मध्ये. फळ्यावर या दोन तारखा शेजारी लिहून निघा.

रात्रीचा बसप्रवास टाळा. हबरणाच्या बाजूला रस्त्यावर रानटी हत्ती येतात.

सातवी पायरी: खाणं, कपडे, वागणूक

शाकाहारी मुलांसाठी एक धोक्याची सूचना: तिथल्या खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलमध्ये, वाळवलेल्या मालदीव माशाचा चुरा बहुतेक वेळा असतो. दिसत नाही, चवीला कळतो. आमच्यातल्या माळकरी घरच्या दोघांनी पहिल्याच सकाळी तो खाल्ला आणि नंतर रडले. हॉटेलला आधी लेखी कळवा, आणि मुलांना दोन शब्द शिकवा: 'मालु एपा', मासे नकोत. वरणाला तिथे परिप्पू म्हणतात, ते बिनधास्त खा. बरोबर कोरडी शेंगदाण्याची चटणी, दशम्या, लाडू न्या. ठेचा आणि लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नको. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. रावेर-यावलच्या पोरांनी घरची केळी नेण्याचा हट्ट धरला होता. ताजी फळं नेऊ नका. तिथे तांबड्या सालीची केळी मिळतात, त्यांची बाजारात यथेच्छ चिकित्सा होऊ द्या.

मंदिरात गुडघे-खांदे झाकलेले, टोपी काढलेली, पाय अनवाणी. दुपारी फरशी तव्यासारखी तापते, मोजे चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं तिथे अपमान समजतात, यावरून पर्यटक अडचणीत आले आहेत. हे विमानात बसण्याआधी तीनदा सांगा. यादवी युद्ध २००९ मध्ये संपलं, पण ज्यांनी ते पाहिलं ती माणसं समोरच असतात, तेव्हा त्यावर चौकात प्रश्न विचारू नयेत. वर्गात आल्यावर विचारा.

'आयुबोवन' म्हणजे नमस्कार, आयुष्य वाढो. 'इस्तुती' म्हणजे आभार. मोठ्या बहिणीला तिथेही अक्काच म्हणतात.

आपल्या एका रुपयाचे तिथले तीनाहून जास्त रुपये होतात. पोरं एकदम श्रीमंत होतात आणि पहिल्याच दुकानात सगळं उडवतात. खर्चाचे पैसे शिक्षकाकडे ठेवून रोज थोडे द्या. गर्दीत नावाने हाका मारू नका, हजेरी क्रमांकाने मोजणी घ्या. बसमध्ये चढताना, उतरताना, प्रत्येक वेळी. डासांचं मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या, तिकडे डेंग्यू आहे. प्रत्येक शिक्षकाकडे तिथलं सिमकार्ड असू द्या. पालकांना रोज रात्री आठला एकाच ग्रुपवर एकच संदेश जाईल, असं ठरवून घ्या. नाहीतर पंचवीस आयांचे पंचवीस फोन येतात, आणि ते सगळे जेवणाच्या वेळीच.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत खर्चाचा हिशेब पावत्यांसह पालकांपुढे मांडा, उरलेले पैसे परत करा. पासपोर्ट मुलांच्या हातात देऊ नका. पालकांना शाळेत बोलवा, रजिस्टरवर सही घ्या आणि मगच द्या. वह्या मात्र महिनाभर शाळेतच ठेवून घ्या. पुढच्या अजिंठा-सहलीला नव्या गटाबरोबर जुन्यातली चार-पाच मुलं न्या आणि सतराव्या लेण्यापुढे तुम्ही गप्प राहा. सिंहलाची गोष्ट ते सांगतील. आमच्या त्या आठवीतल्या पोराने ती अहिराणीत सांगितली, आणि राक्षसिणींना त्याच्या आजीचा आवाज दिला.